श्रावण, तय, चवथ : खाण्याच्या आजारातून सावरल्यावर घसरण कशी टाळायची

उकडेतांदूळ (धागाकर्ती)

आषाढ संपत आला. पुढच्या पाच आठवड्यांत श्रावणी सोमवार, नागपंचमी, अष्टमी, तय (हरतालिका) आणि चवथ (गणेश चतुर्थी) असं सगळं पाठोपाठ येतंय. अ‍ॅनोरेक्सिया (मुद्दाम उपाशी राहणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन उलटी वगैरेने भरपाई करणं) किंवा बिंज ईटिंग (ताबा सुटून खाणं) यांतून सावरलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना हे दिवस जड जातात. बाहेरच्यांना वाटतं, नेवऱ्या-लाडवांची (नेवरी म्हणजे करंजी) भीती असेल. ती असतेच, पण घसरण बहुतेक वेळा त्याच्या आधीच सुरू झालेली असते. सोमवारी एकदाच जेवलं, पूजा लांबली, पाहुण्यांच्या गडबडीत चारचं खाणं राहून गेलं. म्हणून तयारी आत्ताच करू या.

धाग्यापुरते दोन नियम. वजनाचे, कॅलरींचे, कपड्यांच्या मापांचे आकडे कुणी लिहू नयेत, वाचणाऱ्याच्या डोक्यात ते घर करतात. आणि तुमच्या डॉक्टर-डायटिशियनने आखून दिलेला आहार इथलं वाचून बदलू नये.

आता मुद्द्याचं. दिवसाला तीन जेवणं, दोन किंवा तीन मधली खाणी, आणि जागेपणी कुठल्याही दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या सीबीटी-ई (खाण्याच्या आजारांसाठीचा, विचार आणि वागणं बदलणारा) उपचारात अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच हे बसवतात, आणि उपचार संपल्यावर सगळ्यात शेवटपर्यंत धरून ठेवायचं तेही हेच. आधी 'केव्हा', मग 'किती', आणि 'काय' त्यानंतर.

वेळेवर एवढा भर का, ते १९४४-४५ च्या मिनेसोटातल्या उपासमारीच्या प्रयोगात दिसतं. ३६ तरुण पुरुष, शरीराने आणि मनाने धडधाकट. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी त्यांना साधारण सहा महिने अर्धपोटी ठेवलं. माणसं दिवसरात्र जेवणाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, एकेक जेवण तास-दोन तास लांबवत बसू लागली, चिडचिडी झाली. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर कितीतरी जणांचं खाणं बरेच दिवस आवरेना. म्हणजे ज्याला आपण 'स्वभाव' किंवा 'हट्ट' म्हणतो त्यातला मोठा भाग नुसत्या उपासमारीचा असतो. सावरलेल्या माणसाच्या शरीराला ती वाट ठाऊक असते, त्यामुळे दोन-तीन जेवणं चुकली तरी ते त्या वाटेला लागू शकतं.

गोव्यातल्या साध्या घरात हे असं बसतं: साडेसातला पोई (कोंड्याचा पाव), पातळ भाजी आणि दुधाचा चहा. साडेदहाला केळं आणि मूठभर शेंगदाणे किंवा काजू. दीडला शीत (भात), हुमण (माशाची आमटी), भाजी, मासा. साडेचार-पाचला पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की पुन्हा पाव किंवा पोई, सोबत अंडं, चीज किंवा लोणी. साडेआठला जेवण, झोपताना कपभर दूध. प्रमाण ज्याचं त्याला दिलेलं असतं. पण धान्य, प्रथिन आणि तेल-तूप-नारळ या तिघांपैकी एकही ताटातून गायब होऊ द्यायचं नाही. आजार परतताना ताटातून आधी तेल-नारळ जातं, मग धान्य.

---

मांडवीकाठ

धागा वेळेवर काढलात. पेजेबद्दल मुद्दाम लिहा. दहा-अकराच्या पेजेला आपल्याकडे कुणी नाव ठेवत नाही, त्यामुळे ती सहज नजरेतून सुटते.

---

उकडेतांदूळ

बरोबर धरलंत. मधलं खाणं म्हणून पेज उत्तम, सोबत सुकं नुस्तें (मासे) किंवा खारातली तोरं (कोवळ्या कैऱ्या) असली तर आणखी बरं. अडचण होते ती पेज जेवणाच्या जागी आली की. वाडगाभर पेजेत बरंचसं पाणीच असतं. पोट तुडुंब होतं, घरचे म्हणतात 'जेवली हो', आणि शरीराला मिळतं ते फारच थोडं. "आज पोट जड आहे, पेजच पुरे" हे आठवड्यात दोनदा ऐकू आलं तर कान टवकारा. जेवायच्या आधी दोन-दोन पेले सोलकढी, दिवसभर कोरा चहा, ताटावर बसायच्या आधी तांब्याभर पाणी, हीही त्याच जातीतली.

पोट खरंच जड वाटतं, हे मात्र खोटं समजू नका. कमी खाण्याने जठर सावकाश रिकामं होऊ लागतं आणि चार घासांतच फुगल्यासारखं होतं. यावर इलाज वेळेवर खाणं हाच. काही आठवड्यांत जठर पुन्हा चालू लागतं. तोवर कच्च्या काकडी-कोबीचे ढीग नकोत, आणि थोड्या जागेत जास्त बसेल असं खाणं बरं: शीतावर तूप, खोबऱ्याच्या वाटणाचं तोणाक (घट्ट रस्सा), काजू, केळं आणि दूध.

---

सत्तरीकार

श्रावणी सोमवारी बऱ्याच घरांत एकभुक्त असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना 'उपास करू नको' हे कसं पटवायचं? डॉक्टरांचं नाव घेतलं की "एका दिवसाने काय होतं?" हेच उत्तर येतं.

---

दीपमाळ

सत्तरीकारदादा, त्यांना त्यांच्याच शास्त्रातलं सांगा. पाणी, कंद, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध, या आठांनी व्रत मोडत नाही, असं जुनं वचन आहे. या आजारात वेळेवरचं जेवण हेच औषध, आणि ते रोजचं, पाच-सहा वेळांचं. आजाऱ्याच्या वतीने घरातल्या दुसऱ्याने व्रत करण्याची वाटही परंपरेत आहे. आईने किंवा नवऱ्याने सोमवार धरावा, आजाऱ्याने देवाला फूल वाहावं आणि जेवावं.

"एका दिवसाने काय होतं" याचं सरळ उत्तर असं. अ‍ॅनोरेक्सियात उपासाच्या दिवशी जी हलकी, शांत, 'जिंकल्यासारखी' भावना येते तीच आजाराची जुनी ओळखीची चव. मंगळवारी न्याहारी नकोशी होते. बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्ये उलटं घडतं. दिवसभराच्या रिकाम्या पोटानंतर रात्री दहाला हात थांबत नाही, मग अपराधी वाटतं, मग 'उद्या काही नको', आणि बुधवारपर्यंत चक्र पुरं होतं. दोन्हीकडे दार एकच, रिकामा सोमवार.

---

बांगडोफ्राय

श्रावणात घर शिवराक (शाकाहारी) असतं ते वेगळं प्रकरण, त्यात धोका तसा कमी. पण एक गणित चुकतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्याला लागूनच श्रावण. ज्यांच्या ताटात प्रथिन म्हणजे नुस्तेंच, त्यांचं अडीच-तीन महिने ते जातं आणि त्या जागी काहीच येत नाही. नुस्तं शीत, कडी आणि लोणचं उरतं. अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, मुगागाठी (मोड आलेल्या मुगांचा रस्सा), चण्याचा रोस, खतखत्यात (मिसळीच्या भाजीत) तूरडाळ, पनीर, दही यांपैकी एक दोन्ही जेवणांत हवंच.

'मी आता कायमची शिवराक' हे एकदम, मध्येच ठरलं तर मात्र विचारपूस करावी. कारण श्रद्धेचं असू शकतं, आजाराचंही असू शकतं. ओळखायचं कसं? श्रद्धेने मासा सोडणारी माणसं चण्याचा रोस आवडीने वाढून घेतात.

---

फोंड्याची_माई

चवथीच्या दिवसाचं सांगा कुणीतरी. मूळ घरी पंचवीस-तीस माणसं, भटजी तीन घरं करून येणार, नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी खायचं नाही, पंगत अडीच-तीनला. हे चार तासांत कसं बसवायचं?

---

उकडेतांदूळ

माई, सगळ्या धाग्याचं मर्म तुम्ही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

आदल्या दिवसापासून धरा. तयेचा उपास करायचा नाही, हे आठ दिवस आधी घरातल्या कर्त्या बाईला सांगून ठेवायचं. ऐन दिवशी स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर तो विषय निघता कामा नये. त्या रात्री जेवण रोजच्या वेळी, भले अकरापर्यंत माटोळी (गणपतीवरचा फळा-पानांचा मांडव) बांधणं चालू असो.

चवथीला सकाळी साडेसातची न्याहारी मूळ घरी जायच्या आधी, आपल्याच घरी, पूर्ण. साडेदहाचं खाणं पिशवीत: दोन केळी आणि काजूंची पुडी, किंवा चिक्की आणि दुधाचं पाकीट. फळ आणि दूध बहुतेक घरांत पूजेआधी चालतं. तेही चालत नसेल तर गाडीत किंवा माडीवर बसून खायचं, आणि सोबत एक माणूस ठरलेला. तो माणूस फार महत्त्वाचा. भाऊ, चुलत बहीण, वहिनी, कुणीही, पण एकच आणि आधी विचारलेला. त्याचं काम साडेदहाला आणि साडेचारला "चल, जरा बाहेर जाऊ" म्हणायचं, एवढंच. सारखं ताटाकडे बघायचं नाही. साडेबारापर्यंत पूजा आटोपायची चिन्हं नसतील तर पिशवीतलं दुसरं पाकीट फोडायचं, आणि पंगतीला बसल्यावर नेहमीएवढंच जेवायचं. 'मघाशी खाल्लं ना' म्हणून त्यातून वजा करायचं नाही.

पंगतीत वाढपी आग्रह करतात. दोन्ही टोकं वाईट: 'नको नको' म्हणत रिकामं पान, किंवा भीड पडून पान भरत जाणं आणि मग आतून कोंडल्यासारखं होणं. त्यावर उपाय, पान आधी मनात मांडून ठेवायचं. शीत-वरण-तूप, खतखतें, एक भाजी, एक वडा, एक नेवरी, खीर. या यादीत गोड हवंच. ज्या पदार्थाची भीती आहे तो सणाच्या दिवशी पहिल्यांदा ताटात येता कामा नये. चवथीच्या तीन आठवडे आधीपासून, आठवड्यातून दोनदा, साडेचारच्या चहासोबत एक नेवरी बसून खायची, शक्यतो दुसऱ्या कुणासोबत. पहिल्या वेळी छाती धडधडते. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत ती बरीचशी नुसती नेवरी होते. डबा मात्र घरात उघडा, हाताशी ठेवू नका. ज्यांना बिंजचा त्रास आहे त्यांनी सुरुवातीला दोनच विकत आणाव्यात.

पंगतीनंतरचा तास वेगळा सांभाळायचा. पोट भरल्याची जाणीव तेव्हा सगळ्यात जास्त असते आणि उलटी करायची ओढही तेव्हाच येते. ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आसपास ओसरायला लागते. त्या वेळेत एकट्याने न्हाणीघराकडे जायचं नाही. घुमट (आरतीचं मातीचं वाद्य) घेऊन बसा, फुगडीत जा, पानं उचला, लहान मुलांना सांभाळा. न्हाणीघराचं दार बाहेरून वाजवून पहारा करणारे नातेवाईक नकोत, सोबत बसणारे हवेत.

संध्याकाळी आरत्यांना घरोघर फिरणं असतं, प्रत्येक घरी बशी पुढे येते. एका घरचं खाणं हे संध्याकाळचं मधलं खाणं म्हणून बसून, पूर्ण खायचं. बाकी घरांत प्रसाद हातावर घ्यायचा. आणि रात्रीचं जेवण? ते असतंच, रोजच्या वेळी. 'दुपारी एवढं झालं, आता रात्री काही नको' हे वाक्य चवथीच्या रात्री अख्खं गाव बोलतं. गाव बोलो, आपण जेवायचं. पंचमीची न्याहारीही तशीच, ठरल्या वेळेला.

---

म्हापसेकर

जेवणापेक्षा माणसांच्या तोंडाची भीती जास्त असते. "कितें गो, सुकल्या मगो तूं!" किंवा "बरी मोटी जाल्या गो!" प्रेमानेच म्हणतात, पण दोन्ही वाक्यं सारखीच लागतात. सावरणाऱ्याला 'आता तब्येत छान दिसतेय' हेही 'जाड झालीस' असंच ऐकू येतं.

घरच्यांनी आधीच चार जणांना फोन करून सांगावं: दिसण्यावर, ताटावर, वजनावर बोलू नका, कॉलेजचं विचारा, माटोळीत यंदा काय काय बांधलंय ते दाखवा. कारण सांगायची गरज नाही. आणि स्वतःसाठी एक छोटं उत्तर पाठ असावं: "हांव बरी आसां. चल, माटोळी पळोवया." (मी बरी आहे. चल, माटोळी बघू या.) विषय तिथेच बदलतो. उत्तर लांबवलं की समजावणं सुरू होतं आणि त्यात माणूस हरतो.

---

पावसाळी_चाल

व्यायामाकडे दुर्लक्ष नको. परत येणारा आजार कधी ताटातून येतो, कधी पायातून. खूण सोपी आहे, आपल्या पावसानेच दिलेली. जुलैच्या धो-धो सरीत चालणं चुकलं तर साधं माणूस चहा करून गॅलरीत बसतं. आजार परतत असेल तर माणूस छत्री घेऊन मिरामारला (पणजीच्या किनाऱ्यावर) पोचतं, नाहीतर खोलीत दार लावून तासभर उड्या मारतं, आणि ते जमलं नाही तर जेवण कमी करतं. 'चाललो म्हणून खातो' किंवा 'खाल्लं म्हणून चालतो' असा हिशेब दिसला की व्यायाम थांबवून डॉक्टरांशी बोलायचं. पाळी थांबली असेल तर हाडांचाही प्रश्न असतो. अशा वेळी धावण्याने हाडं मजबूत होत नाहीत, बारीक भेगा पडायचा धोका वाढतो.

---

मांडवीकाठ

वजनकाटा घरात ठेवावा का, यावर मत द्या. माझ्या मते बाहेर काढावा.

---

दीपमाळ

इथे थोडा मतभेद. सीबीटी-ईमध्ये आठवड्यातून एकदा, थेरपिस्टसोबत, आकडा बघून वजन करतात. कारण अजिबात न बघितल्यानेही भीती वाढते. काही उपचारांत पाठमोरं उभं करून वजन घेतात, आकडा फक्त डॉक्टरांना. दोन्ही पद्धती वापरात आहेत, तुमच्या डॉक्टरांनी जी धरली तीच धरा. पण रोजचं वजन नको, यावर दुमत नाही. पाणी, मीठ, पाळी, शौच एवढ्यानेच एका दिवसात काटा वरखाली होतो. एका आकड्यावरून काहीच कळत नाही, चार आठवड्यांचा कल बघायचा.

---

मांडवीकाठ

मान्य. मग असं म्हणतो: काटा दवाखान्यात, आठवड्याला एकदा. घरात नको.

---

काजूबी

दोन गोष्टी, पटकन. उलटी झाली तर लगेच ब्रश करू नका. पोटातल्या आम्लाने दाताचं वरचं कवच मऊ झालेलं असतं, घासलं की झिजतं. पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरा, ब्रश तासाभराने. गालाखाली कानाजवळ सूज दिसते ती लाळेच्या ग्रंथींची, चरबी नव्हे, उलट्या थांबल्या की हळूहळू उतरते.

दुसरं, पोट साफ करायची चूर्णं आणि गोळ्या. त्या मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात, अन्नातलं पोषण त्याआधीच लहान आतड्यात शोषलेलं असतं. जातं ते पाणी आणि पोटॅशियम. बंद केल्यावर आठवडा-दोन आठवडे अंगावर पाणी धरतं, पाय सुजतात, आणि 'बघ, वाढलं' म्हणून माणसं पुन्हा घ्यायला लागतात. ते पाणीच असतं, ओसरतं. बरेच दिवस घेत असाल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

---

फोंड्याची_माई

आणि एवढं करूनही घसरलं तर? घरच्यांना सगळ्यात आधी काय दिसतं?

---

दीपमाळ

माई, आधी ताट दिसतं. बांगड्याचा काटा ताटात उरतो तेव्हा त्याखाली बघा. काट्यांखाली, कढीपत्त्याखाली, उलट्या वाटीखाली शीत सारलेलं असतं. पोईच्या कडा कुरतडलेल्या आणि मधला भाग तसाच. एका पोईचे आठ-दहा तुकडे, प्रत्येक तुकडा सावकाश. 'मी नंतर जेवते, तुम्ही बसा.' सगळ्यांसाठी उत्साहाने स्वयंपाक, स्वतःचं पान नाही. ढगळ कपडे, थंडी वाजणं, ताटावरून उठताच न्हाणीघर, किराण्यातला डबा अचानक रिकामा. यांतलं एखादं कधीतरी असतंच. दोन-तीन एकत्र, सलग आठवडाभर दिसली तर बोलायचं. जेवणाच्या वेळी बोलायचं नाही. संध्याकाळी चालताना किंवा गाडीत, शेजारी शेजारी बसून: "गेल्या आठवड्यात तीनदा रात्रीचं जेवण राहिलं असं मला दिसलं. मला काळजी वाटते. डॉक्टरांची वेळ घेऊ या का?" दिसलेलं सांगायचं, आरोप करायचा नाही.

ज्याचं घसरलं त्याच्यासाठी नियम एकच: पुढचं खाणं ठरल्या वेळी. बिंज झालं असेल तरी, उलटी झाली असेल तरी, दुपार चुकली असेल तरी. भरपाई म्हणून उपास नाही, जादा चालणं नाही. एक चुकलेलं जेवण म्हणजे एकच चुकलेलं जेवण. त्याचा आठवडा होतो तो भरपाईने. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही सणासुदीत स्वतःहून बंद करू नका.

पण जवळजवळ काहीच न खाता पाच दिवसांहून जास्त गेले असतील, तर घरी एकदम भरपूर खायला घालू नका. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदयावर येतं. आधी दवाखाना, रक्ततपासणी, ईसीजी, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), मग बेताबेताने वाढवत अन्न. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, हातापायांत गोळे, उलटीत रक्त, पाणीही न घेणं, यांतलं काही असेल तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), नाहीतर म्हापसा-मडगावचं जिल्हा इस्पितळ. मानसोपचारासाठी गोमेकॉच्या जवळच, बांबोळीलाच, मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास आहे, मोफत. एकटं सोडू नका.

---

सत्तरीकार

शेवटचा प्रश्न. शाळकरी मुलीचं काय? शाळा दीडला सुटते, गावाकडे घरी पोचेपर्यंत अडीच. मधल्या सुट्टीत डबा उघडला की नाही, कळत नाही.

---

उकडेतांदूळ

अठराच्या आतल्या मुलांमध्ये जेवणाची सूत्रं आधी आई-वडिलांच्या हातात असतात, मग हळूहळू मुलाकडे जातात. कुटुंबाधारित उपचारात हेच तीन टप्प्यांत करतात. घसरण दिसली तर एक पायरी मागे यायचं, म्हणजे मधल्या सुट्टीचं खाणं पुन्हा कुणाच्या तरी सोबतीने. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या, शिक्षकांच्या खोलीत दहा मिनिटं बसून डबा संपवता येतो. साडेसातची न्याहारी घरी, साडेदहाचा डबा बाईंसमोर, आणि दीडला बसमध्ये बसताच पिशवीतलं केळं आणि चिक्की, म्हणजे अडीचच्या जेवणापर्यंत अंतर पडत नाही. मोकळं साल आणि चिक्कीचा कागद पिशवीतून घरी आणायला सांगा. पहिले पंधरा दिवस ते बघा, मग तिच्यासमोरच ते बघणं बंद करा आणि बंद केल्याचं तिला सांगा.